अण्णांनी पास केलेली टाकी

आमच्या घरात टाकी या विषयावर शेवटचा शब्द अण्णांचा असतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी ते नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते. आठ दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावात पाणी सोडणारा माणूस म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. त्यांच्या पगारावर मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि नेदरलँड्समधल्या नायमेखनला चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागलो. तिथे आम्ही नखशिखांत पांढरे झगे घालतो, कारण धुळीचा एक कण पडला तरी माल वाया जातो. हे मुद्दाम सांगतोय. पुढे लागणार आहे.

शहराबाहेर शेतांच्या मधोमध आम्ही एक जुनं घर घेतलं. स्वस्त मिळालं. का मिळालं, ते राहायला गेल्यावर कळलं : गॅसची लाइन तिथवर पोचलेलीच नव्हती! घर गरम व्हायचं ते डिझेलसारख्या तेलावर. बॉयलर घरात, तेलाची टाकी मागच्या शेडमध्ये. आई-अण्णा तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि पाठोपाठ करोना आला. विमानं बंद. उन्हाळा निघून गेला. मग एके दिवशी बॉयलरवाला हेंक तपासणीला आला, त्याने शेडमधल्या टाकीला बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला.

"हिचं आयुष्य संपलं," हेंक करोनाच्या नियमानुसार दीड मीटरवरून म्हणाला.

आईला दमा. थंडी लागली की ती खोकायची, आणि त्या दिवसांत घरात कोणी खोकलं की बाकीचे श्वास रोखून बसायचे.

"दत्ता, दिवाळीच्या आत घर गरम झालंच पाहिजे," माझी बायको मंजिरी म्हणाली. "आईंनी हिवाळा एका खोलीत हिटरपाशी नाही काढायचा."

मी एक्सेल उघडलं. अकरा टाक्या, चौदा रकाने. भिंत एकेरी की दुहेरी, लोखंड की प्लास्टिक, रुंदी, उंची, गळतीची सूचना देणारा काटा. मंजिरी कौतुकाने बघत होती. अण्णांनी चष्मा लावला, पडद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वाजवून बघितली का?"

"अण्णा, टाकी ऑनलाइन घेतात हल्ली."

"मग बायकोपण ऑनलाइनच बघायचीस!"

(मंजिरी मला ऑनलाइनच भेटली होती. आम्ही दोघांनीही छताकडे पाहिलं.)

शेवटी वेळ ठरवून, मास्क लावून विक्रेत्याच्या आवारात गेलो. अण्णा एकेका टाकीजवळ जात, बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत. विक्रेता आधी हसला, मग स्वतःही कान लावू लागला. सातव्या टाकीशी अण्णा थांबले. बाराशे लिटरची, दुहेरी भिंतीची, हिरवी. टाकीच्या आत आणखी एक टाकी! अण्णांनी तिच्यावरून गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"ही घे."

मी गुपचूप मोबाइलवर एक्सेल काढून पाहिलं. माझ्या चौदा रकान्यांतून पहिली आलेली टाकी तीच होती! मला तीन रात्री लागल्या होत्या, अण्णांना एक पेर.

हेंकने टाकी शेडमध्ये बसवली. "उद्या सकाळी पाइप जोडतो, दुपारी तेलाचा ट्रक येईल," असं सांगून तो गेला. आईने टाकीला हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं.

मग अण्णा म्हणाले, "दत्ता, बागेतला पाइप आण."

"कशाला?"

"कशाला काय? नवीन टाकी धुवायची नाही? काठोकाठ भरायची, खडूने रेघ मारायची, आणि ते पहिलं पाणी सकाळी टाकून द्यायचं. सकाळी पाणी रेघेवर असलं तर टाकी पास. मी काय अशाच टाक्या पास केल्या का?"

वाचकहो, इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण चौतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस इतक्या खात्रीने बोलत होता, आणि मी भारावलो होतो. मी पाइप आणला. अडीच तास धरून उभा राहिलो. मीच! धुळीच्या कणाला घाबरणारा!

सकाळी पाणी बरोबर रेघेवर. एक थेंब हललेला नाही.

"पास!" अण्णा म्हणाले. "आता खालची तोटी सोड, रिकामी होऊ दे."

मी वाकलो. तोटी नव्हती. या टाक्यांना सगळी तोंडं वरच असतात. (माझ्या एक्सेलमध्ये नववा रकाना होता : 'खाली तोटी – नाही.') अण्णांनी क्षणभर विचार केला, पाइप आत सोडला, तोंडाने ओढला आणि पाणी वाहतं केलं. मी पुन्हा भारावलो. पण तळातलं वीतभर पाणी काही केल्या येईना, आणि तेवढ्यात फाटकात हेंकची गाडी थांबली.

त्याने झाकण उघडलं. आत पाहिलं. कुंकवाकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं.

"हे पाणी आहे," तो म्हणाला. "या तेलात थेंबभर पाणी चालत नाही. बॉयलर बंद पडतो. ही कोणाची कल्पना?"

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण सूर कळतो. त्यांचा चेहरा उतरला. अख्ख्या गावाला पाणी सोडणारे अण्णा टोपी सारखी करू लागले.

"माझी," मी म्हणालो.

"तुम्ही काय काम करता?"

"इंजिनिअर. सेमीकंडक्टर."

हेंकने झाकण लावलं. "तिथेही पाण्यानेच धुता?"

"हो," मी म्हणालो. आणि ते खरं होतं, चिप पाण्यानेच धुतात!

आईने आल्याचा चहा स्टुलावर ठेवला आणि दीड मीटर मागे सरकली. "हेंकभाऊंना म्हणावं, आधी घ्या, मग रागवा." हेंकने घेतला. मग दुसरा मागितला. मग तेलाचा ट्रक चार दिवस पुढे ढकलला. ते चार दिवस आईची जुनी सुती लुगडी लांब काठीला बांधून आम्ही टाकीचा तळ पुसत होतो आणि मंजिरीचा हेअर ड्रायर आत सोडत होतो. अण्णा दर तासाला टाकी वाजवायचे. "ओली आहे अजून." चौथ्या दिवशी म्हणाले, "वाळली." हेंकने आत टॉर्च टाकला आणि मान डोलावली.

वसुबारसेला घर गरम झालं. आईने त्या हिवाळ्यात शाल फक्त फोटोपुरती घेतली.

हेंकने तपासणीचा कागद दिला होता. डच मला यथातथाच येतं, म्हणून भाषांतरासाठी मोबाइल समोर धरला. शेरा दोन ओळींचा होता.

"काय लिहिलंय रे?" अण्णांनी विचारलं.

"टाकी अजिबात गळत नाही, असं लिहिलंय."

"मग? सांगत होतो ना!" म्हणत ते समाधानाने भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ लावून बसले.

खोटं बोललो नाही. पहिली ओळ तीच होती. दुसरी अशी : 'मालक उच्चशिक्षित आहेत. प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगावी.'