मामांचा शब्द आणि माझी कॉफी

मी उत्तम कॉफी करतो, आणि त्यापायी माझे एकुलते एक मामा आमच्याकडे येत नाहीत.

झालं असं, की माझ्या लग्नात मामांना मानाचा दुपट्टा द्यायचा राहून गेला. (तो कपाटातच होता. किल्ली माझ्या खिशात, आणि मी नवरदेव, स्टेजवर!) मामा भर मांडवात गरजले, "आजपासून या घरचं पाणी पिणार नाई!" आणि आपल्या गावी, अल्लीपूरला गेले ते गेलेच. आई दर राखीला रडायची.

यंदा आईनं फोनवर इतक्या विनवण्या केल्या की मामा खरंच आमच्याकडे नालवाडीला आले! खुर्चीत बसले. पाण्याचा गिलास मात्र बाजूला सरकवला. "चहासंगच घेतो," म्हणाले. आईचा चेहरा असा फुलला! चहा पोटात गेला की भांडण मिटलं.

तिनं धावत जाऊन चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. मी ते उतरवलं.

"चहा कोणीबी पाजते आई! मी मामाजीले कॉफी करून देतो."

"अरे बाप्पा, तेवढ्यात त्याचं मन फिरलं तं?"

पण मी नवा नवा कॉफीवाला! बिया हातानं दळायच्या, पाणी उकळून जरा निववायचं, कागदाच्या गाळणीतून थेंब थेंब पाडायचं. दळता दळता हातचक्कीचा दांडा निसटून ओट्याखाली गेला. तो सापडला, तर कागद फाटून सगळा गाळ कपात! पुन्हा दळा!

"काऊन रे भाच्या," बाहेरून मामा, "विहीर खोदून राह्यला का?"

"झालीच मामाजी!"

"माही शेवटची एसटी हाय!"

आई गाळणीसमोर उभी होती. थेंब पडला की मान हलवायची, बिचारी.

फाटकाशी ऑटोचा हॉर्न वाजला आणि मामा निघाले. मी अखेर भरलेला कप धरून बायकोच्या मागे स्कूटरवर बसलो. बसस्थानकात पोचलो तर एसटी हललेली! धावत दारातून कप आत दिला. कंडक्टरनं तो घेतला, एका दमात संपवला आणि ओरडला, "बढिया!"

आता आई रोज माझी कॉफी पिते. परवा म्हणाली, "चांगली हाय रे. त्यालेही आवडली असती." मामांच्या तोंडी न पडलेल्या त्या घोटाचं मला फार वाईट वाटलं.

अल्लीपुरात मात्र मामांचं नाव झालंय. "सख्ख्या बहिणीच्या दारी जाऊन आला, पण दिलेला शब्द मोडला नाही!" लोकांना काय माहीत? मामा तर तो मोडायलाच आले होते. पाळला मी!