अक्कांच्या तोंडची शिवी

सांगलीच्या दवाखान्यात अक्कांना शेवटचं भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, बस हितं." इतक्या वर्षांत अक्कांनी मला एकदाही बाळ म्हटलं नव्हतं. बाहेर येऊन आईला फोन लावला आणि सांगितलं, अक्का काही आता राहत नाहीत. डॉक्टर काय म्हणाले, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांचं राहू दे, त्या मला बाळ म्हणाल्या… त्याच आठवड्यात अक्का गेल्या.

अक्का म्हणजे मलकापुरातल्या आमच्या शाळेच्या खेळाच्या बाई. माणदेशातल्या धनगराच्या घरात वाढलेल्या. कळप सोडून पळणाऱ्या मेंढीच्या पुढ्यात नेमका दगड टाकून तिला माघारी वळवायचं, हा त्यांचा लहानपणचा उद्योग. पुढं बेसबॉल हातात आला तेव्हा शिकण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं, असं त्या बेधडक सांगायच्या. नम्रपणाचं सोंग त्यांना कधी जमलं नाही, आणि मला तेच आवडायचं. मी मूळची रहिमतपूरची, शिकायला मामाकडे राहिलेली. मैदानाच्या कडेला ऊस खात बसले होते आणि उरलेलं कांडं पार कुंपणापलीकडे भिरकावलं. मागून आवाज आला, "तुझा मुडदा बशिवला! त्यो हात काय ऊस खायाला दिलाय व्हय गं?" त्या दिवसापासून मी संघाची चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर झाले.

ही शिवी ज्यांच्या कानाला नवी आहे, ते दचकतील. शब्दशः अर्थ लावायला गेलात तर भयंकरच आहे. पण आमच्याकडं ती आई देते, चुलती देते, शेजारीण तर सकाळी दारातूनच देते. लाडाला दुसरा शब्दच नसल्यासारखी.

घोटाळा झाला तो सांगलीत, राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. आम्ही पुढं होतो, मी रंगात आले होते, आणि अक्का तरातरा मैदानात आल्या. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात आणि पिचर बदलायचा हक्क त्याचाच. त्यांनी मला थांबवलं. मी संतापून ग्लोव्ह जमिनीवर आपटला. अक्का ओरडल्या, "तुझा मुडदा बशिवला, हात दे हिकडं!" कुणीतरी मोबाईलवर टिपलेला व्हिडिओ इथंच संपतो. त्यानंतर त्यांनी माझं कोपर नुसतं दाबलं आणि मी कळवळले. दोन चेंडूंपासून फेकताना माझा हात खाली येत होता, हे मला कळायच्या आधी त्यांना दिसलं होतं. मग त्यांनी ग्लोव्ह उचलला, पदरानं पुसला आणि काखेत मारला. हे कुणी टिपलंच नाही.

आम्ही सामना जिंकलो, पण दुसऱ्या दिवशी बातमी होती, 'पिचर-मॅनेजर वाद पेटला!' दुपारपर्यंत 'भर मैदानात जिवे मारण्याची धमकी?' एका वाहिनीनं माझ्या ग्लोव्हभोवती लाल वर्तुळ काढून तो सावकाश सावकाश पडताना दाखवला. चर्चेला बसलेल्यांपैकी एका गृहस्थांना तर अक्का बँकेत मॅनेजर आहेत असं वाटत होतं. हसून सोडून दिलं असतं, पण राज्याची बेसबॉल संघटना घाबरली. चौकशी होईपर्यंत अक्कांनी संघापासून लांब राहावं, असा निरोप आला. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर. तिथं संघ घेऊन जायचं, याचीच तर वाट त्या आयुष्यभर पाहत होत्या. मला म्हणाल्या, "तू जा गं. माझं काय…" मी सांगून टाकलं, तुम्ही नाही तर मीही नाही.

तेवढ्यात एक वार्ताहर रहिमतपूरला आमच्या घरी थडकला. आई अंगणात शेंगा निवडत होती. त्यानं माईक पुढं केला, "मुलीला अशी धमकी आली, तुम्हाला भीती वाटते का?" आईनं त्याच्या घामेजल्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आरं तुझा मुडदा बशिवला, उनातान्हाचा आलायस, आदी पानी पी की!" तो बिचारा तांब्या धरून तसाच उभा. कॅमेरावाला आपल्या कोरेगावकडचा, तो हसता हसता खालीच बसला. वाहिनीनं हे दाखवलं नाही, पण त्या भल्या माणसानं ते मला मोबाईलवर पाठवलं आणि मी ते चौकशीत लावलं. सगळी समिती खो-खो हसली. अध्यक्षांनी डोळे पुसत विचारलं, "पोरी, तुला खरंच भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "सर, त्या मला बाळ म्हणाल्या असत्या तर वाटली असती."

अक्का मात्र हसल्या नाहीत. "हसताय काय? माझ्या पोरींचा सराव बुडाला, त्यो कोन भरून देनार?" म्हणाल्या आणि उठून थेट मैदानावर गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेला त्याच आमच्या मॅनेजर होत्या. उपांत्य सामन्यात आम्ही जिवाचं रान करून हरलो. त्याची बातमी कुठंच आली नाही.

परवा शाळेत गेले होते. साहित्याच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागच्या खुंटीवर माझा तोच ग्लोव्ह अजून टांगलेला आहे. कोपर बरं होईपर्यंत त्यांनी तो जप्त केला होता, मग मी नवा घेतला आणि हा तिथंच राहिला. काढून हातात चढवला. मला वाटलं, चामडं कडक झालं असेल. पण ते लोण्यासारखं मऊ होतं आणि खोबरेलाचा वास येत होता. एवढी वर्षं त्या तेल लावत राहिल्या, मला न सांगता. दार लोटून घेतलं. जन्मभर ती शिवी मी खाल्ली, उलट कधी दिली नव्हती. वडीलधाऱ्या माणसाला कशी देणार… रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हटलं, "अक्का, तुमचा मुडदा बशिवला… बाळ कशाला म्हनायचं मला?"