चांदभाईंनी धरलेला लाल ठिपका

चांदभाई शेख निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस! घरात तपासायला उरलं होतं काय? बायको आबेदा चपात्या लाटायला लागली की हे शेजारी उभे राहून कडा बघायचे. "अहो, खायच्या आहेत, उडवायच्या नाहीत," असं तिने एकदा ऐकवलं, तेव्हापासून त्यांनी आपला मोर्चा लेकीकडे वळवला.

लेक अलफिया पीएचडी करत होती. विषय असा, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि गुपचूप चहाकडे वळावं. अणूच्या गाभ्यातला प्रत्येक कण म्हणजे तीन क्वार्कचं बिऱ्हाड: एक लाल, एक हिरवा, एक निळा. हे रंग नुसते ओळखीपुरते. मेलेल्या ताऱ्याच्या पोटात सगळं भयंकर दाबलं गेलं, की म्हणे बिऱ्हाडांच्या भिंती पडतात आणि क्वार्क मोकळे सुटतात. अलफियाला ते संगणकावर करून दाखवायचं होतं. चौथं वर्ष संपत आलं, तरी मेले सुटायला तयार नाहीत! कितीही दाबा, तिघं ते तिघंच. सोमवारी समितीसमोर बोलायचं होतं, आणि तोवर जमलं नाही तर विषय बंद, असं तिच्या गाईडनी, आनंदसरांनी, स्वच्छ सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी ती डोकं धरून बसली असताना चांदभाईंनी खुर्ची ओढली.

"अब्बा, प्लीज, आज नको."

"मी कुठे काय बोलतोय? तू दाब."

पडद्यावर शेकडो ठिपके वळवळत होते आणि तिघातिघांना बारीक दोऱ्यांनी बांधलेलं होतं. अलफिया सगळ्या गर्दीची सरासरी बघायची. चांदभाईंच्या खात्याची रीत वेगळी. एक नग धरायचा आणि शेवटपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. त्यांनी एक लाल ठिपका धरला आणि वीस मिनिटं त्याच्यावर डोळे रोखले.

"हा येडा आहे का गं?" ते शेवटी म्हणाले. "शेजारी निळा खेटून बसलाय, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ह्याची दोरी पार त्या टोकाच्या निळ्याला!"

"अब्बा, दोरी नेहमी जवळच्यालाच..." अलफिया बोलता बोलता थांबली. तिने प्रोग्रॅम उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. कोण कुणाच्या बिऱ्हाडात, ही यादी प्रत्येक पावलाला नव्याने करायची असते. तिच्या प्रोग्रॅममध्ये ती सुरुवातीला एकदाच होत होती. बिचारे क्वार्क कितीही चेंगरले तरी पहिल्या दिवशीचीच सोबत निभावत होते.

यादी दुरुस्त केली आणि रविवारी क्वार्क सुटले.

सोमवारी चांदभाई इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत हजर. अलफिया छान बोलली. पण समितीच्या अध्यक्षा कुसुम मॅडम अस्सल पुणेरी. "सुटले, अभिनंदन. ते सुटतात हे आम्हालाही ठाऊक होतं. यात नवीन काय?"

अलफियाचा चेहरा पडला. मॅडमनी फाईल मिटायला घेतली. "कुणाला काही विचारायचंय?"

चांदभाईंनी हात वर केला. अलफियाला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं.

"मॅडम, दाब काढला की हे परत आपापल्या घरी जातात का?"

मॅडमनी फाईल पुन्हा उघडली. "काय हो अलफिया, जातात?"

"तीन-तीन होत असतील," ती चाचरत म्हणाली. "पण तेच तिघं पुन्हा एकत्र येतात का, ते... मी उलटं चालवून बघितलंच नाही."

"मग बघा की! विषय चालू राहू द्या. एक वर्ष वाढवून घ्या."

रिक्षात अलफियाने अब्बांचा हात घट्ट धरला होता. चांदभाईंना इतका आनंद झाला होता, की त्यांनी रिक्षाचा मीटरही तपासला नाही.

आबेदा दारातच उभी होती. "झाली का गं एकदाची पीएचडी?"

"विषय वाचला, अम्मी! वर्ष वाढवून दिलं!"

आबेदाने लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, तुम्ही तिथे तोंड उघडलंत ना?"