तलवार श्रेष्ठ की भाला

सिंदेवाहीच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो आणि तलवारीवर माझा भारी जीव. तरुणपणी मिरवणुकीत ती फिरवलेली, त्यामुळे या विषयात आपल्याला कोण शिकवणार, अशी गुर्मी होती. सहामाहीत चार गुणांचा प्रश्न घातला: 'रणांगणावर तलवार श्रेष्ठ की भाला? कारणे द्या.' मला हवं ते उत्तर मी वर्गाकडून आधीच घोकून घेतलं होतं.

नववीतल्या एका मुलीनं मात्र भाला लिहिला. मी शून्य दिलं. पास व्हायला तिला नेमके तेच चार गुण कमी पडले.

पेपर वाटले त्या दिवशी ती भर वर्गात उभी राहिली. "सर, मले नापास करा, पण हे चूक काऊन ते सांगा."

"तलवारीनं कापता येतं, भोसकता येतं, वार अडवता येतो. भाल्याचं टोक एकदा चुकवलं की हातात उरतो नुसता दांडा," मी म्हणालो.

"पण सर, टोक चुकवून जवळ येऊ कोण देते? आमच्या गावात धानात डुक्कर शिरलं तं तलवार घेऊन कोणी उभं नाई राहत. लांब बांबूच घेते."

वर्ग हसला. माझा पारा चढला. संमेलनाच्या सामानातली लाकडी तलवार काढली आणि म्हणालो, "चल, दाखव." तिनं छताची कोळ्याची जाळी काढायचा लांब बांबू घेतला, टोकाला फळा पुसायचं फडकं बांधलं. सगळा वर्ग पटांगणात आला.

पहिल्यांदा मी सरळ धावून गेलो. दोन पावलं टाकली नाहीत तोच फडकं छातीवर. मग डावीकडून हुलकावणी दिली, तर पोटावर. तिसऱ्यांदा बांबू तलवारीनं बाजूला सारला आणि सापडली म्हणून झेपावलो. ती एक पाऊल मागं सरकली, बांबू ओढून घेतला आणि बरगडीत ढोसला. माझ्या शर्टावर खडूचे तीन पांढरे डाग. शाळेत मुलांच्या मोबाइलला बंदी होती म्हणून अब्रू वाचली.

खरं सांगतो, खेळ वेगळा आणि परीक्षा वेगळी असं म्हणून सुटावं, असं मनात आलं होतं. पण ती जिंकल्याच्या तोऱ्यात नव्हतीच. धापा टाकत उत्तराची वाट पाहत होती. मी पेपर मागून घेतला आणि शून्य खोडून चार लिहिले.

तिनं पेपर पाहिला, विचार केला आणि परत माझ्यापुढं धरला. "एक कापा सर. माहं उत्तर अर्धंच आहे. तुमच्या दुसऱ्या हातात ढाल असती तं बांबू अडवून तुम्ही आत घुसले असते. मग मी नसती टिकली. ते लिहिलंच नाई मी."

"एक कापला तर पुन्हा नापास होशील."

"मालूम आहे."

मी गुण कापला नाही. हे उत्तर आमच्यापैकी कोणालाच पूर्ण येत नव्हतं, माझ्यासकट, असं सगळ्यांदेखत सांगितलं आणि तिला थँक्यू म्हणालो. सरांच्या तोंडून असलं काही ऐकायची सवय नसलेली पोरं फिदीफिदी हसली. मी मात्र आयुष्यात इतक्या मनापासून तो शब्द क्वचितच म्हटला असेल.