मारेगावच्या दारात सुरू ठेवलेली गाडी

गाडी घेतली तेव्हा सुमनला मी शब्द दिला होता की आता मनात आलं की तुझ्या ताईकडे जाऊ. पुढची तीन वर्षं गाडी कव्हरखाली उभी होती. दसऱ्याला हार, अधूनमधून फडकं, बस्स. पेट्रोल उगाच कशाला जाळायचं, हा आम्हा कचेरीत जन्म काढलेल्या लोकांचा जुना आजार आहे. मग डिसेंबरात साडूंचा, म्हणजे विनायकरावांचा, फोन आला.

"ताई विसरून राह्यली सगळं. काल मलेच म्हणे, जेवून जाल ना? सुमनले ओळखते तोवर घेऊन या."

दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला आम्ही यवतमाळ सोडलं. गाडी कण्हत कण्हत सुरू झाली. थंडीमुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं. कळंबपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे राळेगावकडे खड्डे मोजायचे कष्ट घेऊ नका. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका कापूस ठेवायला कमरेला कापडी ओटे बांधून वाकलेल्या. सुमन मात्र खिडकीबाहेर बघत नव्हती. ताईशी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती.

राळेगावच्या स्टँडजवळ आलुबोंडा तीन रुपयांना, चहा दोनला आणि दोन्ही फर्मास. पण चहासाठी मी गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना. कापूस विकायला आलेल्या बैलबंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिथले दोघे धक्का द्यायला उतरले. त्यातला एक शेजारच्या तांड्यावरचा, पागोटं बांधलेला म्हातारा होता. त्याने आधी बॉनेटला कान लावला.

"बॅटरी गेली साहेब. नवी टाका. किती पडते?"

मलाही बॅटरीचाच संशय होता, समोरच्या दुकानात भाव विचारून आलोच होतो. "जुनी परत घेऊन बावीसशे म्हणतो."

"म्हणजे माह्या एका क्विंटलची बॅटरी," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसता हिशेब. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यात सगळ्याच गोष्टींचा भाव कापसात मोजला जातो. मी बॅटरी घेतली नाही. यवतमाळला ओळखीच्या दुकानात शे-दीडशे कमी पडतील, असं ठरवलं. धक्क्याने गाडी सुरू झाली, तेव्हा म्हाताऱ्याने बजावलं, "आता बंद नोका करू."

आणि मी ते ऐकलं. वडकीला हायवे लागला, करंजीला सोडला, मारेगाव आलं. ताईच्या दारात गाडी उभी केली ती सुरूच ठेवून. वाचवलेले दीडशे तिथेच पेट्रोलमध्ये जळत होते, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

ताईने सुमनला लगेच ओळखलं. गालावरून हात फिरवला, पाणी दिलं. मग बाहेर कान देऊन म्हणाली, "गाडी सुरू आहे. निघाली का तू?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन हळदीकुंकू, तांदूळ, नारळ घेऊन आली. निघणाऱ्या बहिणीची ओटी भरायची, हे तिच्या हातांना पाठ होतं. सुमनने पदर पुढे केला. दोघी बसल्या. पाच मिनिटांत ताईला पुन्हा इंजिन ऐकू आलं. "अव, निघाली का तू?" या वेळी तांदळावर सुपारी होती. तिसऱ्या वेळी तिला आत काही सापडलं नसावं, तांदळावर कांदा होता.

सुमनने तिसऱ्यांदाही पदर पसरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर गेलो आणि किल्ली फिरवली.

घर एकदम शांत झालं. आत आलो तर ताई भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती.

"आता नाही ना जात?"

"नाही ताई."

"मंग आयक. लहानपणी तू बोरीवरून पडलती ना, म्या आईले सांगतलं का वानरानं ढकललं. म्याच ढकललं होतं तुले."

सुमन हसता हसता रडायला लागली. दुपारभर त्या दोघी बोलत होत्या. विनायकराव आणि मी ओसरीवर बसून होतो आणि मला माझी लाज वाटत होती.

मुक्काम पडला. सकाळी मारेगावात बॅटरी मिळाली, जुनी देऊन तेवीसशे पन्नास. राळेगावपेक्षा दीडशे जास्तच. भारनियमनामुळे दुकानदाराचा सगळा धंदा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा. माझी जुनी उचलून तो म्हणाला, "वापरून नाही मेली हे. उभी ठेवून मेली." तेव्हा वाचकहो, आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढा. परतताना पांढरकवड्यावरून या, रस्ता जास्त चांगला आहे.

तेव्हापासून आम्ही दर पंधरा दिवसांनी जातो. परवाच्या खेपेला ताईने सुमनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोनाकडे आल्या बाई तुम्ही?"

"शेजारीच राहते," सुमन म्हणाली आणि तिच्यासोबत मेथी निवडायला बसली.

येताना गाडीत ती रडेल असं मला वाटलं होतं. घर येईपर्यंत ती मला बोरीच्या झाडाचीच गोष्ट सांगत होती.