नमुन्याचा बायोडाटा

“साहेब, ह्या नवरदेवाला आत टाका, न्हायतर म्या ह्येला हितंच आडवा करतो आन् मग मलाच आत टाका!”

पोलीस ठाण्याच्या दारातून हा आवाज आला तेव्हा मी डबा उघडत होतो. आवाज असा, की तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब त्याच्यापुढे फुसका. ठाणे अंमलदाराच्या हातातलं पेन सुटलं आणि मुद्देमालात जमा असलेला झुंजीचा कोंबडा भर दुपारी आरवला. खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा.

ती दुपार विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नोकरीतले दरोडे, खून, पाठलाग मी पारावर बसून रंगवून सांगतो. गोष्टीतल्या एका दरोडेखोरात दर वर्षी दोनाची भर पडते, सध्या अकरावर आलेत. ही एक केस मात्र कुणाला सांगितली नव्हती. नावं कुणाचीच लिहीत नाही, ठाण्याचंही नाही.

ओरडणारा माणूस ढोकीकडचा. ट्रॅक्टरनं ऊस वाहायचा. त्यानं ज्याची कॉलर धरली होती तो पस्तिशीचा, नवा कोरा शर्ट, कपाळाला गंध. बाहेर एक जीप उभी. तिच्यातून माणसं उतरतच होती. सतरापर्यंत मोजली आणि सोडून दिलं. कुणाच्या हातात पेढे, कुणाच्या हातात नारळ, एका मावशीच्या मांडीवर साडी. मंडळी मुलगी बघायला आली होती. मुलगी पंधरा वर्षांची. दहावीत.

“आमी चोर न्हाय, साहेब,” नवरदेव कॉलर सोडवत म्हणाला. “बायोडाटा आला, म्हणून आलो. फोन लावला तर ह्यांनी उचलला न्हाय, मग नंबरावरनं घर हुडकलं.”

“कसा उचलू? चार दिस झालं, रोज वीस-वीस फोन! कुणी रंग इचारतंय, कुणी उंची इचारतंय. पोरगी साळंत जाती माझी!”

नवरदेवानं मोबाईल पुढं केला. वधू-वर मंडळाच्या ग्रुपवर आलेला बायोडाटा. वर गणपती, खाली साडीतल्या मुलीचा हसरा फोटो. वय एकोणीस, शिक्षण बारावी, संपर्कासाठी वडिलांचा नंबर. फोटो खरा, नंबर खरा, बाकी सगळं खोटं.

फोटो कुठला, ते बापानंच सांगितलं. मुलगी खो-खोत जिल्ह्याला पहिली आली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात आईची साडी नेसून तिनं बक्षीस घेतलं. गावातल्या पोरांनी तो फोटो ‘आमच्या गावची शान’ म्हणून फेसबुकवर टाकला, वेशीवर फ्लेक्स लावला, त्या फ्लेक्सचा फोटोही फेसबुकवर चढवला. आपल्याकडं फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे नंबर असतातच. अभिनंदनाचे फोन घरी यावेत म्हणून बापानं हौसेनं स्वतःचा नंबर टाकायला लावला. फोटोही त्यानंच दिला होता.

मुलगी बापाच्या मागं गणवेशात उभी होती. मला वाटलं रडत असेल. ती आमच्या महिला हवालदार बाईंचा पट्टा आणि बूट न्याहाळत होती.

“मॅडम, भरतीला उंची किती लागती?”

“तू आधी दहावी कर,” मीच मध्ये म्हणालो. “बारावी झाली की माझ्याकडं ये. उंची दोन बोटं कमी पडली तर टेप मी धरतो.”

ती हसली. बाप म्हणाला, “तेवढंच डोक्यात हाय तिच्या, साहेब. वर्दी.”

मी फिर्याद घ्यायला सांगितली. नवरदेवाचा जबाब घेऊन त्याला सोडला. जाताना त्याची मावशी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवायला लागली. मी डोळे वटारले तेव्हा म्हणाली, “ठेवा की, साहेब. परत नेऊन कुणाला देऊ? ही बारावी जागा हाय आमची.” तिच्याकडं बघून मला रागच येईना.

आता माझी हुशारी ऐका. तपासाचे कागद सायबर शाखेकडं पाठवून उत्तराची वाट बघितली असती तर मुलगी आजी झाली असती. माझ्याकडं त्याहून वेगवान यंत्रणा होती, गावोगावच्या पोलीस पाटलांचा ग्रुप. बैल हरवला तरी दोन तासांत पत्ता लागायचा. मी तोच बायोडाटा फोटोसकट त्या ग्रुपवर टाकला. खाली मुलीचं खरं नाव, गाव आणि माझ्या झोकात एक ओळ: ‘सदर मुलीचा बायोडाटा कोणी पाठविला, याबाबत तात्काळ ठाण्यास कळवावे.’ मेसेज टाकून मी मिशीवरून हात फिरवला. तेव्हा मिशी होती.

दुसऱ्या दिवशी मुरुमच्या बाजूच्या एका पोलीस पाटलाचा फोन. “साहेब, ह्यो फोटो आमच्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात काचेवर लावल्याला हाय.”

दुकानदाराला आणला. चाळिशीचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी नेहमीप्रमाणे काहीच विचारलं नाही. फायली चाळत बसलो. माझ्या गप्प बसण्यानं भलेभले न केलेले गुन्हेसुद्धा कबूल करत. हा दहाव्या मिनिटाला बोलायला लागला.

“साहेब, म्या बायोडाटे तयार करून देतो. गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना लागतो. फेसबुकवर फोटो चांगला दिसला, घेतला. नंबर बी तिथंच व्हता. काचेवर लावला आन् बारा दिसांमागं ग्रुपवर जाहिरात टाकली, ‘असा बायोडाटा बनवून मिळेल.’ लोकांनी वरची ओळ काढून नुसता फोटो फिरवला. त्येला म्या काय करू?”

“लेकरू आहे ते! कुणाला विचारलंस?”

“इचारायचं कशाला? पब्लिकच हाय की. जगाला दिसतोय. वेशीवर बोर्ड लावलाय, जाणारा-येणारा बघतोय. बापानं दाखवला, म्या बघितला. ह्यात चोरी कुठं आली?”

मी टेबलावर हात आपटला, कोंबडा पुन्हा आरवला. मग कायद्याची पुस्तकं उघडली. बदनामी म्हणावी तर हेतू नाही. फसवणूक म्हणावी तर त्यानं कुणाला फसवलं नाही. दुसऱ्याच्या नावावर खपवलं म्हणावं तर बायोडाट्यात नावही वेगळं. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, “नोटीस द्या, फोटो काढून टाकायला लावा, कोर्टात बघू.” मी दुकानदाराकडून काचेवरचा कागद जप्त केला, लेखी घेतलं आणि छाती पुढं काढून केस उलगडल्याचं सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी हवालदार बाई माझ्या टेबलापाशी आल्या. मोबाईल पुढं ठेवला.

“सर, हे बघा. माझ्या माहेरच्या ग्रुपवर आलंय.”

तोच फोटो. खाली माझी ओळ. माझ्या ओळीखाली कुणीतरी जोडलं होतं: ‘सावधान. लग्न लावून दागिने घेऊन पळणारी मुलगी. पोलीस शोधात आहेत.’ लग्नाळू मुलांच्या घरात ह्या धास्तीनं आधीच झोप उडालेली असते. मेसेज लातूर ओलांडून शिवेपलीकडं कर्नाटकात पोचला होता. दुकानदाराच्या नमुन्याला जेवढी गावं घ्यायला बारा दिवस लागले होते, तेवढी माझ्या ओळीनं तीन दिवसांत घेतली होती, कारण तिच्यात ‘ठाण्यास कळवावे’ होतं.

“आणखी एक, सर,” बाई हळू म्हणाल्या. “फिर्याद दाखल झाल्यावर ती पीडित बालक झाली. तिचं नाव, गाव, फोटो उघड करायला बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. दुकानदारानं टाकला तेव्हा ती पीडित नव्हती. आपण टाकला तेव्हा होती.”

म्हणजे ह्या सगळ्या प्रकरणात ज्याच्यावर कलम सरळ बसत होतं असा एकच माणूस होता, आणि तो माझ्या खुर्चीवर बसला होता.

मी ग्रुपवर खुलासा टाकला. फोटो घालता येत नव्हता, आणि फोटो नसलेला मेसेज कुणी वाचत नाही. एका पाटलानं अंगठ्याचं चित्र टाकलं, तेवढंच. स्टेशन डायरीत मी ‘संदेश अनवधानाने प्रसारित झाला’ असं मोघम लिहिलं. कोणी केला ते लिहिलं नाही. वरिष्ठांनी विचारलं नाही, बापाला कळलंच नाही. तो तर दिवाळीला फराळ घेऊन आला होता, माझ्या पाया पडायला. मी पडू दिलं.

बसस्टँडवर दोन बायांनी मुलीचा हात धरून ‘हीच ती’ म्हणून गर्दी जमवली होती, ते मला नंतर कळलं. तिनं खो-खो सोडला. मग शाळेत जाणं सोडलं.

लोकांसमोर बोलायची वेळ आली की मी आता एवढंच सांगतो: लेकराचा फोटो दिसतोय म्हणून तो उचलायचा नसतो. वेशीवर खेळणारं पोर सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याला कुणी गाडीत घालून नेत नाही. लोक माना डोलावतात आणि माझ्या भाषणाचा फोटो काढतात. पहिल्या रांगेत शाळेची मुलं बसलेली असतात, तीही त्यात येतात.

निवृत्तीच्या महिनाभर आधी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. दहावीचे परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि तिचा एकटीचा राहिला होता. मी वर्दीतच तिच्या घरी गेलो. बापानं खुर्ची दिली, आई चहा टाकायला आत गेली. मुलगी दाराशी उभी राहिली, तोंडाला स्कार्फ बांधलेला, घरातसुद्धा.

मी खूप बोललो. भरतीचं बोललो, उंचीचं बोललो, टेपचा विनोद पुन्हा केला. शेवटी विचारलं, “बाळ, फॉर्म का भरला नाहीस?”

ती म्हणाली, “त्येला फोटो लागतो.”