लेसिएली आत्याच्या श्वासाचा वास

लेसिएली आत्या गेली त्याला अकरा दिवस झाले.

शहात्तर वर्षांची होती, सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. पांगाई या आमच्या बेटावरच्या गावातल्या विणकामघरात आम्ही शेजारी बसायचो. केवड्याचं पान चिरताना एक टोक ती दातांत धरायची. दात पाचच उरले होते, तेही किडलेले. मी पदवी घेऊन परतले तेव्हा म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस, तुझी चटई अजून वाकडीच."

डिसेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला. तोंड जरा वाकडं झालं, पाणी पिताना ठसका लागू लागला. फेब्रुवारीत बारीक ताप, खोकला. ती पाल्याचा काढा घेत राहिली. मग श्वासाला वास येऊ लागला, सडलेल्या मासळीसारखा. मी माझी चटई हातभर सरकवली. बाकीच्या बायकाही सरकल्या.

अंगणात मी तिच्या भाच्याला, सेमिसीला गाठलं.

"तिला डॉक्टरकडे ने."

"काय सांगून नेऊ? तोंडाला घाण येते म्हणून? जिच्याजवळ मानापोटी आपण बसतही नाही, त्या सख्ख्या आत्याला?"

"ताप आहे म्हण."

"म्हटलं. म्हणाली, माझा ताप मी बघते, तू तुझी डुकरं बघ. तू सांग ना. तू काही तिची भाची नाहीस."

"सांगते," मी म्हणाले. तीन आठवडे सांगितलं नाही.

शेवटी तिला श्वास पुरेना, तेव्हा सेमिसीने तिला उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फासळ्यांमधून नळी घातली. करडा पू आला आणि तोच वास खोलीभर पसरला.

"तोंडातले जंतू आहेत," बाई आम्हाला बाहेर म्हणाल्या. "हवेशिवाय वाढणारे. ठसक्याबरोबर फुप्फुसात उतरले, मग त्याच्याभोवती पू साठत गेला. या वयात फार उशीर झालाय. वास कधीपासून येत होता?"

"तीन आठवडे," मी म्हणाले.

"आणि कुणी बोललं नाही?"

मी आत जाऊन आत्याजवळ बसले. ती थांबत थांबत बोलली.

"तुम्ही सगळ्या लांब सरकून बसायचात. मला वाटलं, म्हातारी झाले, आता जास्तच मान देताय. बरं वाटायचं गं." तिने माझ्याकडे पाहिलं. "मानच ना?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सलाईन अर्धं असतानाच, तिचं हृदय थांबलं.